बंडल ‘इन्स्टॉल्ड’वरच अडकतं: ओएसजीआयमधल्या इम्पोर्ट-एक्सपोर्टचा नेहमीचा घोळ कसा सोडवायचा

कोड कंपाइल होतो, टेस्ट पास होतात, जार तयार होते. ती काराफच्या, म्हणजे ओएसजीआय चालवणाऱ्या सर्व्हरच्या, डिप्लॉय फोल्डरात टाकली की बंडल (ओएसजीआयमध्ये सुटी बसवता-बदलता येणारी जार) यादीत दिसतं, पण ‘अ‍ॅक्टिव्ह’ काही होत नाही. लॉगमध्ये ‘मिसिंग रिक्वायरमेंट’ अशी लांबलचक ओळ येते. मग कोणीतरी पॉम फाईलमध्ये (मेव्हन या बिल्ड टूलच्या सूचनांची फाईल) एक ‘ऑप्शनल’ घालतं, बंडल सुरू होतं, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. आणि पुढच्या रिलीजला तोच प्रकार दुसऱ्या पॅकेजचं नाव घेऊन पुन्हा दारात उभा राहतो. जळगाव, धुळे, भुसावळकडे जावावर काम करणारी मंडळी भेटली की ही तक्रार हमखास निघते.

ही अडचण कायमची सुटू शकते. त्यासाठी इम्पोर्टच्या (‘हे पॅकेज मला हवं’) ओळीशी झटापट थांबवून एक्सपोर्टकडे (‘हे पॅकेज मी देतो’) बघावं लागतं. ज्या बंडलला पॅकेज मिळत नाही, ते ओरडतं. म्हणून आपण त्यालाच दुरुस्त करायला बसतो. पण मूळ बहुतेक वेळा पॅकेज देणाऱ्या बंडलमध्ये असतं: त्याने आपल्या पॅकेजवर कोणता व्हर्जन नंबर चिकटवला, आणि जे द्यायला नको होतं ते किती बाहेर सोडलं, यात.

खालच्या उदाहरणांत पॅकेजांची, हेडरांची आणि कमांडची नावं देवनागरीत दिली आहेत. तुमच्या फाईलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत असतील.

आधी जार उघडा, पॉम नंतर

पॉममध्ये आपण जे लिहितो त्या नुसत्या सूचना असतात. खरं मॅनिफेस्ट, म्हणजे जारमधली इम्पोर्ट-एक्सपोर्टची माहिती देणारी फाईल, बीएनडी नावाचं टूल तयार करतं. मेव्हनचा बंडल प्लगिन असो, बीएनडीचा स्वतःचा मेव्हन प्लगिन असो किंवा ग्रेडल, आत काम बीएनडीच करतं. ते कंपाइल झालेल्या क्लास फाईल वाचतं, कोणता क्लास कोणत्या पॅकेजला हात लावतो ते शोधतं आणि त्यावरून इम्पोर्टची यादी बनवतं. फ्रेमवर्कला, म्हणजे बंडलं जोडून चालवणाऱ्या ओएसजीआयला, पॉम दिसत नाही, त्याला फक्त मॅनिफेस्ट दिसतं. म्हणून वाद मिटवायचा तर जारमधलं मेटा-इन्फ फोल्डर उघडून तिथली मॅनिफेस्ट फाईल वाचायची. चालू काराफवर असाल तर ‘बंडल:हेडर्स’ आणि पुढे बंडलचा नंबर दिला की तीच माहिती नीट ओळी पाडून मिळते.

मॅनिफेस्ट हाताने मात्र लिहू नका. त्यातली ओळ ७२ बाइटपेक्षा लांब चालत नाही, पुढच्या ओळीची सुरुवात एका स्पेसने करावी लागते, आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर ती ओळ वाचली जाईलच याची खात्री नाही. हे काम टूलचं आहे.

आता अडकलेल्या बंडलवर ‘बंडल:डायग’ चालवा. साधारण असं काहीतरी येतं:

ओएसजीआय.वायरिंग.पॅकेज; (&(ओएसजीआय.वायरिंग.पॅकेज=काटा.एपीआय)(व्हर्जन>=१.५.०)(!(व्हर्जन>=२.०.०)))

बघायला भयंकर वाटतं, पण यात सांगितलेल्या गोष्टी तीनच आहेत. मला काटा.एपीआय हे पॅकेज हवं. ते निदान १.५.० असावं. आणि २.० किंवा त्यापुढचं नसावं. मॅनिफेस्टच्या भाषेत हीच गोष्ट [१.५,२) अशी लिहितात: चौकोनी कंस म्हणजे तो आकडा धरून, गोल कंस म्हणजे तो आकडा सोडून. नुसतं १.५ लिहिलं तर अर्थ वेगळा होतो: १.५ आणि त्यापुढचं काहीही, अगदी ९.० सुद्धा. हा फरक लक्षात नसल्याने ‘माझ्याकडे चालतं, त्याच्याकडे नाही’ असे कितीतरी वाद होतात.

लगेच दुसरी कमांड: ‘पॅकेज:एक्सपोर्ट्स’; तिच्या यादीत ते पॅकेज शोधा. उत्तर तीनपैकी एक असतं. पॅकेज कोणीच देत नाही. पॅकेज आहे, पण नंबर रेंजच्या बाहेर आहे. किंवा पॅकेज देणारं बंडल स्वतःच रिझॉल्व्ह झालेलं नाही (त्याला लागणारं सगळं मिळालेलं नाही), म्हणजे दुखणं आणखी एक पायरी मागे आहे. तिन्हींचा इलाज वेगवेगळा आहे. यापैकी कोणतं आहे हे ठरण्याआधी पॉमला हात लावणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

रावेरकडचा काटा

दुसरा प्रकार, म्हणजे नंबर रेंजच्या बाहेर असणं, आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो. त्याला कारण आहे. ओएसजीआय आपण कशासाठी घेतो? रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातला वजनकाटा, चोपड्याकडची जिनिंग, नवापूरकडचं गोदाम, अशा ठिकाणी छोटे पीसी बसवलेले असतात. नेट कधी चांगलं, कधी नावापुरतं. अख्खं सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्याऐवजी बदललेली एक जार पाठवावी, काटा बंद न करता काम व्हावं, ही खरी गरज. म्हणजे एकच बंडल बदलता येणं हाच सगळ्या खटाटोपाचा फायदा. आणि नेमकं तेच चालत नाही.

अशाच एका केळी काट्याचं उदाहरण घेऊ. चार बंडल आहेत. काटा.एपीआयमध्ये फक्त इंटरफेस. काटा.सिरीयल इंडिकेटरकडून केबलने आलेलं वजन वाचतं. काटा.पावती भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि निव्वळ वजन छापतं. काटा.हिशेब रोजचा गोषवारा हेड ऑफिसला पाठवतं. सगळं १.४.० वर व्यवस्थित चाललेलं. व्यापाऱ्याने सांगितलं, पावतीवर शेतकऱ्याच्या गावाचं नाव हवं. बदल फक्त पावती बंडलमध्ये. रिलीज करायचं म्हणून मेव्हन प्रोजेक्टचा नंबर १.४.० वरून १.५.० झाला, बिल्ड झाली, काटा.पावतीची नवी जार रावेरला गेली. दहा मिनिटांत फोन: “भाऊ, पावतीच निघत नाही. मागं केळीच्या गाड्यांची लाईन लागली आहे.”

तिथल्या मशीनवर असलेल्या एपीआय बंडलच्या मॅनिफेस्टमध्ये होतं:

एक्सपोर्ट-पॅकेज: काटा.एपीआय;व्हर्जन="१.४.०"

आणि नव्या पावती बंडलमध्ये:

इम्पोर्ट-पॅकेज: काटा.एपीआय;व्हर्जन="[१.५,२)"

एपीआयमध्ये एक अक्षरही बदललेलं नव्हतं. मग १.५ आलं कुठून? एक्सपोर्ट केलेल्या पॅकेजला तुम्ही वेगळा नंबर दिला नाही, तर बीएनडी बंडलचाच नंबर त्याला लावतं, आणि बंडलचा नंबर मेव्हन प्रोजेक्टकडून येतो. ऑफिसातल्या बिल्डमध्ये एपीआयसुद्धा १.५.० झालं, पावती त्याच्यासमोर कंपाइल झाली, आणि बीएनडीने प्रामाणिकपणे लिहिलं की हे बंडल १.५ बघून बांधलं आहे, त्याच्या खालचं चालणार नाही. बीएनडीचं यात काही चुकलेलं नाही. खोटी माहिती आपण पुरवली: पॅकेज बदललं नसताना बदललं म्हणून सांगितलं.

इथे रेंज [१,५) अशी सैल करून किंवा नंबर काढूनच टाकून गाडी पुढे ढकलता येते. तसं करू नका. ज्या दिवशी एपीआय खरंच बदलेल त्या दिवशी फ्रेमवर्क तुम्हाला अडवणार नाही, आणि ‘मेथडच सापडत नाही’ ही एरर ऐन हंगामात, गाडी काट्यावर उभी असताना येईल.

पॅकेजचा नंबर प्रोजेक्टपासून वेगळा ठेवा

इलाज छोटा आहे. एक्सपोर्ट होणाऱ्या प्रत्येक पॅकेजमध्ये पॅकेज-इन्फो नावाची जावा फाईल ठेवा आणि तिच्यात ओएसजीआयचं व्हर्जन अ‍ॅनोटेशन लावा:

@व्हर्जन("१.४.०")
पॅकेज काटा.एपीआय;

आता प्रोजेक्ट १.५ होवो की ७.० होवो, काटा.एपीआयचा नंबर तुम्ही स्वतः बदलेपर्यंत १.४.० राहतो. नवी पावती [१.४,२) मागते, मशीनवर १.४.० आहेच, बंडल एकट्याने जातं आणि चालतं. त्यानंतर हा नंबर पॉममध्ये पुन्हा लिहू नका. दोन ठिकाणी लिहिलेल्या नंबरांपैकी एक आज ना उद्या शिळा होतोच.

चालू प्रोजेक्टमध्ये हे आणताना एक पथ्य पाळा. आधी बाहेर गेलेला सर्वांत मोठा नंबर कोणता ते बघा आणि तिथून पुढे सुरुवात करा. एखाद्या गावातल्या मशीनवर काटा.एपीआय १.६.० म्हणून गेलं असेल आणि तुम्ही ‘आता नीट करू’ म्हणत १.०.० वर आलात, तर जुनी बंडलं नव्या एपीआयला ओळखही देणार नाहीत.

नंबर कधी वाढवायचा? आतला तपशील दुरुस्त झाला, बाहेरून दिसणारं काही बदललं नाही, तर शेवटचा आकडा. नवी मेथड, नवा क्लास आला तर मधला. जुनी मेथड काढली किंवा तिचे पॅरामीटर बदलले तर पहिला. यातली खरी गोम मधल्या आकड्यात आहे. वजन-वाचक इंटरफेसमध्ये एक मेथड वाढली, तर तो नुसता वापरणाऱ्या पावती बंडलचं काहीच बिघडत नाही. पण तो इंटरफेस इम्प्लिमेंट करणारं सिरीयल बंडल मात्र अपुरं पडतं, कारण ती मेथड त्याच्याकडे नाही. म्हणून एपीआयच्या इंटरफेसवर प्रोव्हायडर-टाइप आणि कन्झ्युमर-टाइप अशी दोन अ‍ॅनोटेशनं लावायची सोय आहे. प्रोव्हायडर-टाइप लावलेला इंटरफेस जे बंडल इम्प्लिमेंट करतं, त्याला बीएनडी [१.४,१.५) अशी अरुंद रेंज देतं, नुसतं वापरणाऱ्याला [१.४,२). ‘पावतीला एपीआय १.५ चालतं, सिरीयलला का नाही’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तो बिघाड नाही. सिरीयल पुन्हा बांधून पाठवा, एवढंच त्याचं म्हणणं.

नंबर वाढवायचं माणूस विसरतोच. बीएनडीचा बेसलाइन नावाचा मेव्हन प्लगिन आहे. तो आजची जार रिपॉझिटरीतल्या मागच्या रिलीजशी ताडून बघतो आणि नंबर वाढवायला हवा होता पण वाढवला नाही असं दिसलं तर बिल्डच फेल करतो. सुरुवातीला त्याचा जाच वाटतो. तरीही मी तो प्रत्येक प्रोजेक्टमध्ये लावायचा आग्रह धरतो, कारण माणसाच्या आठवणीवर सोडलेली ही एकमेव गोष्ट त्याने बंद होते.

जाता जाता स्नॅपशॉटबद्दल, म्हणजे रिलीजआधीच्या कच्च्या जारबद्दल. मेव्हनमध्ये १.४.०-स्नॅपशॉट हा १.४.० च्या आधीचा मानतात. ओएसजीआयमध्ये उलट आहे. तिथे १.४.०.स्नॅपशॉट हा नुसत्या १.४.० पेक्षा मोठा ठरतो, कारण शेपूट नसलेला नंबर सर्वांत लहान धरतात. टेस्टिंगसाठी टाकलेली स्नॅपशॉट जार मशीनवरच राहिली, मग फायनल टाकली, तरी नवीन बंडलं स्नॅपशॉटलाच जाऊन चिकटतात. जुनी जार काढूनच टाकावी लागते.

ऑप्शनलने दुखणं लपतं

‘रिझोल्यूशन:=ऑप्शनल’ म्हणजे हे पॅकेज मिळालं तर ठीक, नाही मिळालं तरी बंडल सुरू करा. ज्या कोडने पॅकेज नसल्याची तयारी ठेवलेली आहे, म्हणजे क्लास न सापडल्यास दुसरी वाट धरणारा कोड, त्यासाठी ही सोय आहे. आपण ती कशीही वापरतो. बंडल हिरवं होतं, आपण घरी जातो, आणि ज्या क्षणी तो क्लास खरोखर लागतो त्या क्षणी ‘नो-क्लास-डेफ-फाउंड’ येतं. सुरुवातीलाच कळलं असतं ते आता पहिली पावती छापताना कळतं. शिवाय ऑप्शनल पॅकेज बंडल रिझॉल्व्ह झाल्यावर आलं, तर ते आपोआप जोडलं जात नाही. रिफ्रेश करावं लागतं. त्यामुळे कोणती जार आधी टाकली यावर एकाच सॉफ्टवेअरचं वागणं दोन गावांत वेगळं दिसतं, आणि असला बिघाड फोनवरून शोधणं महाकठीण.

‘डायनॅमिकइम्पोर्ट-पॅकेज: *’ हा त्याचाच थोरला भाऊ. क्लास मागितला जाईल तेव्हा जो कोणी देईल त्याच्याशी जोडणी. कोणतं व्हर्जन मिळेल यावर तुमचा ताबा राहत नाही. दुसऱ्याच्या क्लासची नावं आधी माहीतच नसतात अशा मोजक्या लायब्ररींना ते लागतं. पावती छापणाऱ्या बंडलला नाही.

इम्पोर्ट हाताने लिहायची वेळ

बहुतेक बंडलांना इम्पोर्टची ओळ लिहायचीच गरज नसते. पण बीएनडी क्लास फाईल वाचतं, कॉन्फिगरेशनमधला मजकूर वाचून त्याचा अर्थ लावत नाही. डेटाबेस ड्रायव्हरच्या क्लासचं नाव प्रॉपर्टीज फाईलमधून येत असेल, तर ते त्याला दिसणार नाही. तिथे हाताने भर घालावी लागते:

इम्पोर्ट-पॅकेज: ऑर्ग.पोस्टग्रेएसक्यूएल, *

शेवटचा तो तारा विसरला की संपलं. मग इम्पोर्टमध्ये तेवढं एकच पॅकेज राहतं आणि बीएनडीने शोधलेली बाकीची सगळी गळून जातात.

क्रमही महत्त्वाचा आहे. एखादं पॅकेज नको असेल तर उद्गारचिन्ह लावून ते ताऱ्याच्या आधी लिहायचं. यादी डावीकडून वाचली जाते आणि जो नमुना आधी जुळतो तो जिंकतो. तारा पहिला आला तर त्यानेच सगळं उचललेलं असतं, मागच्या नकाराला काही उरत नाही. ‘नको म्हणून लिहिलंय, तरी मॅनिफेस्टमध्ये येतंय’ अशी तक्रार असेल तर आधी हेच बघा. आणि नको म्हणण्यापूर्वी खात्री करा की तो कोड खरंच चालत नाही. लायब्ररीतला न वापरलेला कोपरा असेल तर ठीक. नाहीतर पुन्हा तेच, उशिरा येणारं ‘नो-क्लास-डेफ-फाउंड’.

जावा.लँग, जावा.युटिल अशी ‘जावा’ने सुरू होणारी पॅकेजं इम्पोर्ट न करताही प्रत्येक बंडलला मिळतात. ‘जावाएक्स’ने सुरू होणारी तशी मिळत नाहीत, ती इम्पोर्ट करावीच लागतात, मग ती जावासोबत येणाऱ्या जेडीकेमध्येच का असेनात. जेडीकेमध्ये आहेत म्हणून मिळतील हा समज सोडा.

एक्सपोर्टमध्ये तारा टाकू नका

इम्पोर्टमधला तारा आणि एक्सपोर्टमधला तारा दिसायला सारखे, पण काम वेगळं. बीएनडीत एक्सपोर्ट-पॅकेज ही ओळ फक्त परवानगी देत नाही; जुळणारी पॅकेजं क्लासपाथवरून उचलून जारमध्ये भरतेही. तिथे तारा लिहिला की डिपेंडन्सीमधल्या लायब्ररीसुद्धा तुमच्या बंडलमध्ये येऊन बसतात, आणि वर तुमच्याच नावाने बाहेर दिल्या जातात. जारचा आकार अचानक फुगला असेल तर कारण बहुधा हेच.

यातून निघणारी सर्वांत फसवी एरर म्हणजे ‘काटा.एपीआय.वजन हे काटा.एपीआय.वजनमध्ये कास्ट करता येत नाही’. दोन्हीकडे तेच नाव. पण क्लासची ओळख नाव आणि क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग, प्रत्येक बंडलचा वेगळा) मिळून ठरते. पावती बंडलने एपीआयची प्रत स्वतःच्या पोटात घेतली असेल, तर त्याच्यासाठी वजन हा क्लास तो नाही जो सिरीयल बंडलला दिसतो. पुष्कळदा एरर येतही नाही, नुसती शांतता असते. सिरीयलने सर्व्हिस रजिस्टर केलेली, ‘सर्व्हिस:लिस्ट’मध्ये ती दिसते, तरी ‘एससीआर:इन्फो’ सांगतं की पावतीचा रेफरन्स ‘अनसॅटिस्फाइड’ आहे. फ्रेमवर्क मागणाऱ्याच्या क्लासशी न जुळणारी सर्व्हिस त्याला दाखवतच नाही. असं दिसलं की वेळ न दवडता दोन्ही जारमधल्या फाईलींची यादी काढा. काटा.एपीआय फोल्डर एपीआय बंडलशिवाय दुसऱ्या कोणत्याही जारमध्ये दिसला तर चोर सापडला.

मेव्हनच्या बंडल प्लगिनचा एक डीफॉल्टही माहीत हवा. तुम्ही काहीच लिहिलं नाही तर तो तुमची सगळी पॅकेजं एक्सपोर्ट करतो, फक्त नावात ‘इम्पल’ किंवा ‘इंटर्नल’ असलेली सोडून. काटा.पावती.छपाई हे आतलं पॅकेज असं गुपचूप बाहेर जातं, कोणीतरी त्यावर अवलंबून बसतं, आणि पुढे ते हलवता येत नाही. बीएनडीचा स्वतःचा मेव्हन प्लगिन याच्या उलट वागतो: सांगितल्याशिवाय काहीच बाहेर देत नाही, आणि सांगायचं तर पॅकेज-इन्फोमध्येच एक्सपोर्ट अ‍ॅनोटेशन लावता येतं. नव्या कामाला मी तोच निवडतो. नंबर आणि परवानगी एकाच फाईलमध्ये राहतात, शोधाशोध उरत नाही.

एकच पॅकेज दोन बंडलांत अर्धं-अर्धं वाटलेलं असेल, तर इम्पोर्ट करणाऱ्याला एकाच बाजूचे क्लास मिळतात. कारण पॅकेज एकदा इम्पोर्ट झालं की ते दुसरीकडे शोधलं जात नाही, अगदी स्वतःच्या जारमध्येही नाही. बिल्डमध्ये ‘स्प्लिट पॅकेज’ची वॉर्निंग आली तर ती दाबू नका, एका अर्ध्याचं नाव बदला.

जावा ८ वरून ११ वर गेल्यावर

पावती एक्सएमएलमध्ये साठवणारी बरीच जुनी बंडलं जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड वापरतात. जावा ८ मध्ये ते जेडीकेमध्येच होतं, फ्रेमवर्कचं सिस्टम बंडल ते पुरवायचं. २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून ते काढून टाकलं. पीसी बदलला, नवा जावा टाकला, आणि वर्षानुवर्षं चाललेलं बंडल ‘इन्स्टॉल्ड’वर बसलं, याचं कारण बहुधा हे. इलाज म्हणजे त्या एपीआयचं आणि त्याच्या इम्प्लिमेंटेशनचं बंडल वेगळं टाकणं. ऑप्शनल करून इथे काहीच साधत नाही, कारण पावतीला ते लागतंच.

बदली जार निवडताना तिचं नाव बघून समाधान मानू नका. जकार्ता एक्सएमएल बाइंड एपीआय नावाच्या जारच्या २.३ मालिकेत आत पॅकेज जावाएक्स.एक्सएमएल.बाइंडच आहे, ३.० पासून ते जकार्ता.एक्सएमएल.बाइंड झालं. जुना कोड तसाच ठेवायचा तर २.३ हवं. ३.० टाकून ‘जार तर आहे, मग पॅकेज का मिळत नाही’ म्हणत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. उत्तर पुन्हा मॅनिफेस्टमध्येच असतं.

‘दोन साखळ्यांतून’ अशी एरर आली तर

‘यूजेस कन्स्ट्रेंट व्हायोलेशन’ ही एरर वाचून बहुतेक जण हात टेकतात. तिच्यात एवढंच म्हटलेलं असतं: तुमच्या बंडलला एक पॅकेज दोन वेगवेगळ्या वाटांनी, दोन वेगवेगळ्या बंडलांकडून येतंय. काटा.हिशेब थेट जॅक्सन या जेसॉन लायब्ररीचं एक व्हर्जन घेतं, आणि ते वापरत असलेली डेटा पाठवायची लायब्ररी जॅक्सनच्या दुसऱ्या व्हर्जनशी जोडलेली आहे. त्या लायब्ररीच्या मेथडमधून जॅक्सनचा ऑब्जेक्ट हातात आला तर तो कोणत्या व्हर्जनचा समजायचा? फ्रेमवर्क तो गोंधळ चालू होण्याआधीच थांबवतं.

एरर लांब असली तरी तिच्यात दोन साखळ्या छापलेल्या असतात. कागद घ्या, दोन्ही लिहून काढा, आणि प्रत्येकीच्या शेवटी पॅकेज देणारं बंडल कोणतं ते बघा. मग तीनपैकी एक करायचं. त्यातलं एक बंडल कोणालाच नको असेल तर काढून टाका. जुन्या रिलीजमधून राहून गेलेली जार हे नेहमीचं कारण. किंवा दोन्हींना चालेल असं एकच व्हर्जन ठेवा. किंवा एखादी लायब्ररी स्वतःच्या पोटातली प्रत उगाच बाहेर देत असेल तर ते एक्सपोर्ट बंद करा. ‘पॅकेज:एक्सपोर्ट्स’ला डुप्लिकेट दाखवायचा पर्याय आहे, हा शोध तिथून सुरू केला तर वेळ वाचतो.

साधी, ओएसजीआयची माहिती नसलेली जार ‘रॅप’ करून टाकली असेल तर तिच्याकडे विशेष बघा. रॅप केलेली जार आतलं सगळं एक्सपोर्ट करते आणि सगळे इम्पोर्ट ऑप्शनल ठेवते. घाईच्या वेळी उपयोगी, कायम ठेवायला धोक्याची. तिच्या आत दुसऱ्या लायब्ररीचे क्लास भरलेले असले तर दुसरी साखळी तिथूनच निघते.

सगळं बरोबर आहे, तरी जुनंच चालतंय

मॅनिफेस्ट दुरुस्त झालं, नवी जार टाकली, तरी वागणं जुनंच. अशा वेळी कोडवर संशय घेऊ नका. बंडल अपडेट केलं तरी त्याच्याकडून पॅकेज घेणारी बंडलं जुन्याच क्लासना धरून राहतात. नव्या जोडण्या रिफ्रेश केल्यावरच होतात. ‘बंडल:अपडेट’नंतर ‘बंडल:रिफ्रेश’ चालवा. रिफ्रेशने त्या बंडलवर अवलंबून असलेली बंडलंही थांबून पुन्हा सुरू होतात, तेव्हा एपीआय बदलत असाल तर काट्यावर गाडी नसताना करा. पावतीवर कोणी अवलंबून नसतं, ती दुपारी गर्दीतही बदलता येते.

ऑफिसात चाललं आणि रावेरला नाही, असं पुन्हा होऊ नये म्हणून काराफच्या मेव्हन प्लगिनमधलं ‘व्हेरिफाय’ बिल्डमध्ये लावून ठेवा. ते तुमची फीचर फाईल (काराफवर कोणती बंडलं टाकायची त्याची यादी) घेऊन सगळे इम्पोर्ट-एक्सपोर्ट जुळतात का ते जार बाहेर जाण्याआधीच तपासतं. फीचर फाईलमध्ये मात्र त्या गावातल्या मशीनवर खरोखर जी व्हर्जनं आहेत तीच लिहा. प्रत्येक गावाची ‘बंडल:लिस्ट’ची ताजी प्रत कोडसोबत गिटमध्ये ठेवली तर ती फाईल बनवणं पाच मिनिटांचं काम आहे. आणि कोणाची मदत मागताना त्या यादीसोबत अडकलेल्या बंडलचं पूर्ण मॅनिफेस्ट आणि ‘बंडल:डायग’चं आउटपुट जोडा, पॉममधल्या चार ओळींवरून कोणालाच काही सांगता येत नाही.